'झोंबिवली' आणि 'बदलापूर' : विनोदी भयकथेच्या शीर्षकातील श्लेष

मराठी वाङ्मयात कोटी या प्रकाराला मोठी परंपरा आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि राम गणेश गडकरी यांच्या लेखनात कोटीला मानाचे स्थान मिळाले. आचार्य अत्र्यांनी ती व्यासपीठावर आणली. मात्र कोटीचा विचार बहुधा संवादाच्या किंवा निवेदनाच्या अंगाने झालेला दिसतो. शीर्षकातील कोटी समीक्षेच्या कक्षेत क्वचितच येते आणि विनोदी भयकथेची शीर्षके तर 'फालतू' म्हणून बाजूलाच टाकली जातात. प्रस्तुत लेखात या शीर्षकांचा, विशेषतः त्यांपैकी गावाच्या नावावर बेतलेल्या शीर्षकांचा विचार केला आहे.

विनोदी भयकथेच्या शीर्षकाला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. त्याने भीतीचे आश्वासन द्यायचे असते आणि त्याच श्वासात ते मागेही घ्यायचे असते. द. मा. मिरासदारांचे 'भुताचा जन्म' हे शीर्षक याचे निर्मळ उदाहरण होय. भूत होण्यासाठी आधी मरावे लागते. त्याचा 'जन्म' म्हणताच भय ओसरते आणि कुतूहल उरते. मिरासदारांचाच लेखनसहभाग असलेल्या 'एक डाव भुताचा' (१९८२) या चित्रपटाच्या नावात 'डाव' हा खेळातला शब्द भुताला मैदानात उतरवतो. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) आणि 'पछाडलेला' (२००४) या शीर्षकांत तर एकाच धातुसाधिताने सारे साधले आहे. 'झपाटणे' हे भुताचेही काम आणि छंदाचेही. 'पछाडणे' या क्रियापदाला कुस्तीच्या आखाड्याचा वास आहे. धोबीपछाड हा शब्द आठवावा. ही दोन्ही रूपे व्याकरणदृष्ट्या भूतकाळवाचक आहेत, हा योगायोग एखाद्या कोटीबाजाला नक्कीच आवडला असता. अलंकारशास्त्राच्या परिभाषेत हा अभंग श्लेष होय. शब्द मोडावा लागत नाही आणि मराठी जाणणाऱ्या कोणालाही तो कळतो.

आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'झोंबिवली' (२०२२) येथे वेगळी वाट धरतो. मराठीतील पहिला झोंबीपट म्हणून या चित्रपटाची जाहिरात झाली. त्याचे नाव 'झोंबी' आणि 'डोंबिवली' यांच्या जोडकामातून तयार झाले आहे. केवळ एक आद्याक्षर बदलले आणि नगराचे नाव भयप्रकाराचे नाव झाले. इंग्रजीतील 'शॉन ऑफ द डेड' (२००४) या चित्रपटाशी तुलना केली असता फरक ध्यानात येतो. तेथील कोटी रोमेरोच्या 'डॉन ऑफ द डेड' (१९७८) या पूर्वीच्या चित्रपटाच्या नावावर उभी आहे. ती कळण्यासाठी प्रेक्षकाजवळ त्या प्रकारची स्मृती हवी. मराठीत झोंबीपटांची अशी स्मृतीच नव्हती. म्हणून कोटीला आधार मिळाला तो रेल्वेस्थानकाच्या नावाचा. शिवाय 'झोंबी' हा शब्द मराठीला परका नाही. झटापट, कुस्ती या अर्थाने तो जुनाच असून आनंद यादव यांच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीचे (१९८७) ते शीर्षक आहे. परभाषेतून आलेले प्रेत आणि मराठी झटापट या नावात अशी एकत्र नांदतात. कर्त्यांना हे अभिप्रेत होते की नाही, हा प्रश्न गौण आहे.

परंतु गाव खरे असते. डोंबिवलीच्या औद्योगिक क्षेत्रात २०१६ साली मोठा स्फोट झाला, २०२४ साली पुन्हा झाला. २०२० साली तेथील एक रस्ता रसायनांमुळे गुलाबी झाल्याचे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. दूषित पाणी, उंच इमारत आणि तिच्या शेजारची वस्ती हे धागे चित्रपटात आहेत. तरीही पटकथा डोंबिवलीचीच का, याचे उत्तर चित्रपटापेक्षा शीर्षकच अधिक नेमके देते. हे शीर्षकाचे यश मानावे आणि चित्रपटाची उणीव.

कल्याणच्या पुढे, कर्जतच्या बाजूला गेल्यास हा प्रश्न अधिक गंभीर होतो. बदलापूर या नावाविषयी घोडे 'बदलण्याची' लोककथा सांगितली जाते. श्रीराम राघवन यांच्या 'बदलापूर' (२०१५) या हिंदी चित्रपटाने त्याच नावातून 'बदला' काढला. येथे श्लेष सभंग आहे आणि त्यात विनोद नाही. नायक बदलापुरात येऊन राहतो, पण शीर्षकाला हवे असते ते गाव नव्हे, सूड. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये या गावातील शाळेत बालिकांवर झालेल्या अत्याचाराची घटना उघड झाली, लोकांनी रेल्वे रोखली. सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गोळीने मारला गेला आणि मुंबईत 'बदला पूरा' असे फलक झळकले. कोटी तीच होती. विनोदी भयकथेत मेलेला उठून बसतो, म्हणून हसू येते. फलकावर मात्र कोणीही उठणार नव्हते. न्यायालयाने ज्याचा निर्णय द्यायचा, तो निर्णय एका श्लेषाने परस्पर देऊन टाकला.

उल्हासनगरची कोटी व्यापाराची आहे. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद फाळणीनंतर निर्वासित होऊन आलेल्या समाजाविषयी सर्वत्र सांगितला जातो. त्यात कौतुक किती आणि हेटाळणी किती, हे सांगणाऱ्यावर अवलंबून असते. भयकथेला या नावावर वेगळी कोटी करण्याची गरजही नाही. २०१४ साली वालधुनी नदीत सोडलेल्या रसायनांच्या वायूमुळे तेथील अनेक रहिवाशांना रुग्णालयात दाखल करावे लागले होते. त्या रात्रीच्या कथेला 'उल्हास' एवढेच शीर्षक पुरेसे ठरले असते.

अंबरनाथ मात्र अद्याप कोटीकारांच्या हाती लागलेले नाही. शके ९८२ च्या शिलालेखाचे शिवमंदिर तेथे उभे आहे आणि नावातच देव आहे, हे त्याचे एक कारण असू शकेल. रासायनिक कारखाने तेथेही आहेतच.