वैद्यकीय प्रतिमांची संख्या आणि रुग्णाची हानी

ग्रीनबोन नेटवर्क्स या जर्मन संस्थेने २०१९ साली वैद्यकीय प्रतिमांच्या संगणकीय भांडारांची, म्हणजे ज्यांस ‘पॅक्स’ म्हणतात त्यांची, जगभर पाहणी केली. सुमारे २,३०० भांडारांपैकी ५९० भांडारे परक्यासही उघडता येत होती, असा तिचा निष्कर्ष होता. भारतविषयक आकडे फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्याकडे प्रसिद्ध झाले, तेव्हा बारा कोटी रुग्णांची माहिती उघडी पडल्याचे वृत्त पसरले. या विधानाचे परीक्षण करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

बारा कोटी हा आकडा प्रतिमांचा आहे, रुग्णांचा नव्हे. महाराष्ट्रात ३,०८,४५१ नोंदी व ६,९७,८९,६८५ प्रतिमा आढळल्या. कर्नाटकात १,८२,८६५ नोंदी व १,३७,३१,००१ प्रतिमा. भागाकार केला असता महाराष्ट्रात दर नोंदीमागे सुमारे २२६, तर कर्नाटकात ७५ प्रतिमा येतात. छातीच्या क्ष-किरण तपासणीत एकदोन प्रतिमा निघतात, सीटी स्कॅनमध्ये शेकडो. तेव्हा हे प्रमाण बहुधा यंत्राचा प्रकार सांगते, हानीचे मान नव्हे. प्रतिमा मोजल्या तर महाराष्ट्र कर्नाटकाच्या पाचपट ठरतो. नोंदी मोजल्या तर १.७ पटच.

तथापि यावरून समाधान मानणे अनुचित होय. डायकॉम पद्धतीच्या फाइलमध्ये चित्राबरोबरच रुग्णाचे नाव व जन्मतारीखही असू शकते. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञ व यंत्रनिर्माते यांनी १९८३ साली संयुक्त समिती नेमली, ती एका कंपनीच्या यंत्रातील चित्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्रास वाचता यावे म्हणून. रुग्णालयाच्या चार भिंतींत हा मोकळेपणा गुणच होता. भांडार इंटरनेटला जोडताना कुंपण घालावयाचे राहिले, तेथे तोच दोष ठरला. दोष प्रमाणपद्धतीपेक्षा मांडणीचा अधिक, हे अहवालाचे प्रतिपादन ग्राह्य वाटते.

अहवालाची खरी उणीव निराळी आहे. त्याची मोजणी भांडारांवरून झाली आहे. रुग्ण कोठला, हे तीत दिसत नाही. राहाता तालुक्यात लोणी येथे १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही तालुक्यातील एखादा रुग्ण तपासणीसाठी नाशिकला वा पुण्याला जाऊ शकतो. पूर्वी तो फिल्मचे मोठे पाकीट काखेत घेऊन गावी परते. ते हरवले तर एकाचेच हरवे, आणि हरवले हे त्याला कळे. आता त्याची प्रतिमा कोणत्या भांडारात आहे हे त्याला ठाऊक नसते; मग ती उघडी पडली हे कळणार कसे?

बाधित व्यक्तीस अशी घटना कळविण्याचे कर्तव्य २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सांगितले आहे. म्हणून पुढील पाहणीने प्रतिमांची कोटी मोजण्याऐवजी किती माणसे बाधित झाली व त्यांपैकी किती जणांस तसे कळविण्यात आले, हे दोनच आकडे द्यावेत. ते लहान असतील. पण हानीचे मान त्यांवरूनच ठरेल.