कादंबरीकाराचे निर्मितिकथन आणि कादंबरीची समीक्षा : एक चिकित्सा

१. प्रस्तावना

नवी कादंबरी प्रसिद्ध झाली की तिच्या लेखकाला काही ठरावीक प्रश्न विचारले जातात. ही कादंबरी कशी सुचली? यातील पात्रे प्रत्यक्षात कोठे भेटली? लेखनाला किती काळ लागला? पूर्वी या प्रश्नांची उत्तरे प्रस्तावनेत, मनोगतात किंवा दिवाळी अंकातील लेखात मिळत. आज ती प्रकाशन समारंभात, साहित्य संमेलनातील प्रकट मुलाखतीत आणि ध्वनिचित्रफितींतही मिळतात. लेखकाने आपल्या कलाकृतीच्या जन्माविषयी केलेल्या अशा निवेदनाला प्रस्तुत लेखात ‘निर्मितिकथन’ असे म्हटले आहे.

निर्मितिकथन वाचकाला प्रिय असते, आणि त्यात गैर काही नाही. प्रश्न निर्माण होतो तो समीक्षेच्या पातळीवर. आपल्या महाविद्यालयांतील अध्यापनात आणि संशोधनात निर्मितिकथन हा कादंबरीच्या अर्थाचा पुरावा मानला जातो. लेखकाने जे सांगितले तेच कादंबरीत शोधावयाचे आणि ते सापडल्याचे जाहीर करावयाचे, अशी एक पद्धतीच रूढ झाली आहे. प्रस्तुत लेखक या दोषातून मुक्त नाही. एम.फिल.च्या प्रबंधिकेचे एक प्रकरण मी लेखकांच्या मुलाखती व प्रस्तावना यांच्या आधारे मोठ्या उत्साहाने लिहिले होते. मार्गदर्शकांनी ते परत केले तेव्हा समासात एवढेच लिहिले होते : ‘हे लेखक म्हणतो. कादंबरी काय म्हणते?’ त्या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी माझ्याजवळ नव्हते. काही मराठी कादंबऱ्यांच्या आधारे त्याचा विचार करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२. निर्मितिकथनाचे स्वरूप

लेखकाचा हेतू हा कलाकृतीच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही, असे विमसॅट आणि बियर्डस्ली यांनी १९४६ मध्ये मांडले. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये ‘लेखकाच्या मृत्यू’ची घोषणा केली. हे दोन्ही सिद्धांत आपल्या अभ्यासक्रमांत शिकविले जातात. पण कादंबरी शिकविताना मात्र लेखकाचे मनोगत प्रथम वाचून दाखविले जाते. सिद्धांत आणि व्यवहार यांतील ही फारकत लक्षात घेण्याजोगी आहे.

या संदर्भात उंबेर्तो एको यांचे उदाहरण उद्बोधक आहे. ‘द नेम ऑफ द रोझ’ (१९८०) या कादंबरीविषयी त्यांनी १९८३ मध्ये स्वतंत्र टिपण लिहिले. लेखकाने आपल्या कृतीचा अर्थ सांगू नये, मात्र ती कशी व का लिहिली हे त्याला सांगता येते, अशी त्यांची भूमिका आहे. एका मठवासीयावर विषप्रयोग करावा या इच्छेतून आपली कादंबरी सुरू झाली, असे ते मिश्कीलपणे सांगतात. या कबुलीने कादंबरीचा अर्थ उलगडत नाही. लेखनाचा आरंभबिंदू तेवढा कळतो. ‘कसे लिहिले’ आणि ‘काय लिहिले गेले’ या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हा भेद पुढील विवेचनाला आधारभूत आहे.

दुसरी बाब कालक्रमाची. बहुतेक निर्मितिकथने कृती पूर्ण झाल्यानंतर सांगितली जातात. शेवट ठाऊक असलेला माणूस आरंभाची गोष्ट सांगतो, तेव्हा योगायोगाला कारणाचे आणि चाचपडण्याला योजनेचे रूप येते. म्हणजे निर्मितिकथन ही लेखकाने रचलेली दुसरी संहिताच असते.

३. हेतूचे निवेदन : ‘ययाति’

मराठी कादंबरीत हेतूचे निवेदन आरंभापासून आहे. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीच्या उपशीर्षकातच विधवांच्या स्थितीचे निरूपण हा हेतू नोंदविलेला आहे. या परंपरेला सर्वाधिक विस्तार दिला तो वि. स. खांडेकर यांनी. त्यांच्या कादंबऱ्यांच्या प्रस्तावना अनेक वाचकांनी कादंबरीइतक्याच आवडीने वाचल्या.

‘ययाति’ (१९५९) या कादंबरीला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि खांडेकरांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाल्यानंतर तिचे स्थान अधिकच दृढ झाले. महाभारतातील उपाख्यान आपण जसेच्या तसे घेतलेले नाही, हे खांडेकरांनी स्वतःच स्पष्ट केले आहे. मूळ कथेत संजीवनी विद्या मिळवून कच देवलोकी जातो आणि पुढे ययातीच्या कथेत त्याला स्थान उरत नाही. कादंबरीत मात्र तो संयमाचा आदर्श म्हणून पुन्हा येतो. अनिर्बंध भोगवृत्तीने ग्रासलेल्या आधुनिक माणसाचा प्रतिनिधी म्हणजे ययाति, ही लेखकाची भूमिका. आपल्याकडील बहुसंख्य प्रबंधांत ‘ययाति’चे विवेचन याच भूमिकेची पुनरुक्ती करते.

परंतु कादंबरीची रचना पाहिली तर वेगळेच काही दिसते. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे आळीपाळीने आपापली कथा सांगतात. ज्याच्या ठायी लेखकाने आपली मूल्ये एकवटली आहेत त्या कचाला निवेदनाचा अधिकार दिलेला नाही. तो इतरांच्या निवेदनातूनच भेटतो. आदर्श पुरुष बाहेरून दिसतो आणि चुकणारी, मत्सराने व वासनेने पोळलेली माणसे आतून दिसतात. वाचक ज्यांच्या मनात शिरतो त्यांच्याविषयी त्याला सहानुभूती वाटू लागते, हा प्रथमपुरुषी निवेदनाचा स्वाभाविक परिणाम आहे. त्यामुळे लेखकाचा निवाडा एका दिशेला आणि निवेदनाचा ओढा दुसऱ्या दिशेला, असा ताण निर्माण होतो. ‘ययाति’चे आजचे सामर्थ्य या ताणात आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. लेखकाच्या भूमिकेपाशी थांबणाऱ्या समीक्षेला तो जाणवणे कठीण आहे.

४. अनुभवाचे निवेदन : ‘श्यामची आई’, ‘कोसला’ आणि ‘रणांगण’

दुसऱ्या प्रकारच्या निर्मितिकथनात भर असतो तो अनुभवाच्या सच्चेपणावर. कृती किती थोड्या दिवसांत लिहून झाली, ही हकिकत त्यात हमखास येते. वेग म्हणजे उत्कटता आणि उत्कटता म्हणजे प्रामाणिकपणा, असे समीकरण त्यामागे असते.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’चा बराचसा भाग १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात मोजक्या दिवसांत लिहिला. भालचंद्र नेमाडे यांनी ‘कोसला’ (१९६३) वयाच्या पंचविशीत, अशीच अगदी थोड्या दिवसांत लिहिली. पहिल्या पुस्तकाला कादंबरी म्हणावे की आत्मकथन, हा वाद येथे बाजूला ठेवू. दोन्ही कृतींची जन्मकथा जवळजवळ सारखी आहे, आणि कृती मात्र दोन टोकांवर आहेत. एकीत श्रद्धेने सांगितलेल्या आईच्या आठवणी आहेत. दुसरीत कुटुंब, शिक्षण आणि स्वतःचे दुःख यांकडेही उपरोधाने पाहणारा निवेदक आहे. सारख्या जन्मकथेतून इतक्या भिन्न कृती निर्माण होत असतील, तर त्यांचे वेगळेपण जन्मकथेने स्पष्ट होणार नाही, हे उघड आहे.

ते वेगळेपण रूपात शोधावे लागते. घाईने लिहिलेल्या ‘श्यामची आई’ला बेचाळीस रात्रींची संथ चौकट आहे. रोज रात्री सोबत्यांना थोडे थोडे सांगावयाचे, ही कीर्तन-पुराणश्रवणाच्या परंपरेशी नाते सांगणारी रीत आहे. ‘कोसला’त पांडुरंग सांगवीकराच्या तोंडी ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे शब्द सतत येतात. ते केवळ बोलण्याची लकब म्हणून आलेले नाहीत. कोणतेही विधान अंतिम मानावयाचे नाही, ही निवेदकाची वृत्ती त्यांतून व्यक्त होते. म्हणूनच धाकट्या बहिणीच्या, मनूच्या, मृत्यूपाशी ही अलिप्तता ढासळते तेव्हा वाचक हादरतो. पांडुरंगाचे आडनाव नेमाडे यांच्या सांगवी या गावावरून आले आहे, ही माहिती खरी असली तरी या हादऱ्याचे स्पष्टीकरण तिच्यात नाही.

विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’ची (१९३९) गोष्ट आणखी वेगळी आहे. युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर आणि ज्यू निर्वासित तरुणी हार्टा यांची भेट होते. बेडेकरांचे आत्मचरित्र ‘एक झाड आणि दोन पक्षी’ १९८४ मध्ये, म्हणजे कादंबरीनंतर पंचेचाळीस वर्षांनी आले. मधल्या काळात वाचकांच्या दोन पिढ्यांनी लेखकाच्या विस्तृत आत्मनिवेदनाशिवाय ही कादंबरी वाचली आणि तिचे मोठेपण ओळखले. आत्मचरित्राचे शीर्षकही विचार करण्यासारखे आहे. मुंडकोपनिषदातील रूपकात एक पक्षी फळ चाखतो आणि दुसरा नुसता पाहतो. अनुभव घेणारा आणि तो पाहणारा यांच्यातील हे अंतर निर्मितिकथन मिटवू पाहते, कादंबरी मात्र ते जपते.

५. साक्षीचे निवेदन : अपवादाचा विचार

येथवरच्या विवेचनावरून निर्मितिकथन सर्वस्वी वगळावे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. ज्या समाजाला शतकानुशतके लेखनाचा अधिकारच नाकारला गेला, त्यातून आलेला लेखक ‘हे मी पाहिले आहे’ असे म्हणतो, तेव्हा ते विधान साक्षीच्या स्वरूपाचे असते. अण्णा भाऊ साठे यांनी ‘फकिरा’ (१९५९) डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखणीला अर्पण केली. ही अर्पणपत्रिका म्हणजे कादंबरी कोणत्या परंपरेत उभी आहे याची घोषणाच आहे. अशा ठिकाणी ‘लेखकाचा मृत्यू’ जाहीर करणे म्हणजे ज्याला नुकताच आवाज मिळाला त्याला गप्प करणे होय. पाश्चात्त्य सिद्धांत मराठीत आणताना हे भान राखावे लागेल.

तरीही साक्ष मान्य केल्याने समीक्षेचे काम संपत नाही; उलट तेथून ते सुरू होते. ‘फकिरा’ची चर्चा बहुधा अण्णा भाऊंच्या हालअपेष्टांच्या वर्णनातच संपते. त्यांनी शाहिरी आणि लोकनाट्य यांतून कमावलेली कथनाची गती, राणोजीच्या बलिदानापासून फकिराच्या बलिदानापर्यंत चढत जाणारी पोवाड्यासारखी रचना, यांविषयी तुलनेने फार थोडे लिहिले जाते. ज्या लेखकाच्या कारागिरीची दखल घ्यावयाची त्याच्या दारिद्र्याचीच दखल घेणे, हाही एक प्रकारचा अन्यायच आहे. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’विषयीही (१९९१) असेच म्हणता येईल. लेखकाच्या प्रशासकीय अनुभवाचा उल्लेख सर्वत्र होतो. परंतु धरणग्रस्तांचे दुःख आणि सरकारी कागदांची भाषा कादंबरीत एकमेकांसमोर कशी उभी राहतात, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

६. अध्यापन व संशोधनाच्या संदर्भात

विद्यार्थ्याला चारशे पानांची कादंबरी वाचण्यापेक्षा लेखकाची चाळीस मिनिटांची मुलाखत ऐकणे सोपे वाटते. आपणही त्याला ‘लेखनामागील प्रेरणा’ या मथळ्याचा प्रश्न देतो, आणि कादंबरी न उघडता त्याचे उत्तर लिहिता येते. एम.फिल. ही पदवी २०२२ च्या नियमांनी बंद झाली. त्यामुळे लहान प्रबंधिकेवर असा दोष दुरुस्त करून घेण्याची जी संधी माझ्या पिढीला मिळाली, ती आता थेट पीएच.डी.ला येणाऱ्या संशोधकाला मिळत नाही. म्हणून ही दक्षता पदव्युत्तर वर्गातच शिकविली पाहिजे. वर्गात कादंबरी प्रथम आणि मनोगत शेवटी वाचावे, एवढा साधा क्रमबदलही उपयुक्त ठरतो, असा अनुभव आहे. कादंबरी वाचून आलेला विद्यार्थी लेखकाच्या म्हणण्याशी वाद घालू शकतो. मनोगत वाचून आलेला विद्यार्थी बहुधा फक्त मान डोलावतो.

७. निष्कर्ष

१) निर्मितिकथन हे कादंबरीच्या अर्थाचे प्रमाणपत्र नसून लेखकाने उत्तरकाळात रचलेली स्वतंत्र संहिता आहे, तिचीही चिकित्सा व्हावयास हवी.

२) हेतू, अनुभव आणि साक्ष असे निर्मितिकथनाचे किमान तीन प्रकार संभवतात. तिघांना एकच निकष लावणे योग्य नाही.

३) लेखकाचे म्हणणे आणि कादंबरीची रचना यांत जेथे विसंगती आढळते, ती जागा समीक्षेच्या दृष्टीने सर्वाधिक मोलाची असते. ‘ययाति’तील कचाचे मौन हे त्याचे उदाहरण होय.

४) साक्षीच्या साहित्यात लेखकाच्या अनुभवाचा आदर राखूनच त्याच्या कारागिरीचे मूल्यमापन केले पाहिजे. त्याशिवाय तो आदर अपुरा राहतो.

लेखकाने आपल्या निर्मितीविषयी अवश्य बोलावे आणि आपणही ते आस्थेने ऐकावे. मात्र ऐकून झाल्यावर पुन्हा कादंबरीकडे वळण्याची जबाबदारी आपली, म्हणजे शिकविणाऱ्यांची आहे. समासात लिहिलेला तो प्रश्न आता मी माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांवर लिहीत असतो.