कोरवे आणि जिन्नस

सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या नावावरच्या मराठी नृत्यरचना तंजावूरच्या सरस्वती महालाने १९५८ मध्ये छापल्या. पुस्तकाचे नाव ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’. कोरवे म्हणजे तमिळ ‘कोर्वै’, ओवलेली माळ. जिन्नस आपल्या ओळखीचा, वाण्याच्या यादीतला. त्या काळच्या तंजावुरी मराठीने माळ आणि मणी एकाच शीर्षकात बसवले.

हे पुस्तक वाचताना मला सत्तरच्या दशकातले अमेरिकी प्रोग्रेसिव्ह रॉक आठवते. त्या संगीताची ओढ लांब पल्ल्याची. इलिनॉयच्या स्टारकॅसल या आता विस्मृतीत गेलेल्या बँडच्या पहिल्या एलपीची (१९७६) सुरुवातच दहा मिनिटांच्या गाण्याने होते. रेडिओला मात्र तीन-चार मिनिटांची सात इंची तबकडी हवी असे. म्हणून या संगीताचे सिंगल बहुधा कापून काढलेले असत. कॅन्ससचे ‘कॅरी ऑन वेवर्ड सन’ एलपीवर पाच मिनिटांहून मोठे. सिंगलसाठी ते छाटले गेले.

सरफोजींच्या निरूपणात अठरा जिन्नस येतात: ‘जय जय’ने आरंभ, मग शरणु, अलारु, शब्द, वर्ण, पद, तिल्लाना असे करत शेवटी मंगल. अठराही जिन्नसांना राग एक, ताल एक आणि कथाविषयही एकच. एका पदात खास काही घडत नाही. अलारुत नुसत्या बोलांतून ऐकलेला राग पुढे पदात शब्द घेऊन येतो, तेव्हा तो ओळखीचा झालेला असतो. परिणाम साधतो तो या साठत जाण्याने.

तंजावूर बंधूंच्या नावे सांगितला जाणारा भरतनाट्यमचा मार्गम याच दरबाराच्या परिसरातला, पण त्याची बुद्धी वेगळी. त्यात राग बदलतात, प्रत्येक रचना स्वतःच्या पायावर उभी राहते. ती मुळातच सुटी घडवलेली आहे. निरूपणातला जिन्नस तसा नाही. म्हणून मार्गमच्या मध्ये एखादे मराठी पद ठेवले की ते गोड वाटते आणि तिथेच संपते. ‘तंजावुरात मराठीही होती’ एवढाच दाखला त्यातून मिळतो. रचनेचा विचार ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

मग अख्खे निरूपणच सादर करावे, असा हट्ट धरावा का? मला तसे वाटत नाही. १९७४ मध्ये फ्रँक झापाच्या एलपीवर एस्किमो झाल्याच्या स्वप्नाची सलग चार गाणी होती. पिट्सबर्गमधल्या एका रेडिओ निवेदकाने ती कापून जोडून तीन मिनिटांची केली. ते कळल्यावर झापाने स्वतः वेगवेगळ्या गाण्यांतले तुकडे सांधून ‘डोन्ट ईट द यलो स्नो’चा सिंगल काढला. तो बिलबोर्डच्या यादीत ८६ व्या क्रमांकापर्यंतच गेला, पण त्यात कथेचा धागा राहिला. तिथे कापणे हीच नवी रचना होती.

निरूपणाला असा कापणारा हवा. एक राग आणि एक कथा न सोडता सहा-सात जिन्नसांचे छोटे कोरवे बांधता येईल. त्यासाठी मराठी शब्द कळणारा आणि नाचाची बांधणी जाणणारा, असे दोघे एकत्र बसायला हवेत. मराठी वाचकाने या पुस्तकाकडे दूरच्या नातलगाची आठवण म्हणून बघणे थांबवावे. ते अजून सादर व्हायचे आहे.