बोबडे बोल आणि ऐकणाऱ्याचे दायित्व

मराठी संतसाहित्यावरील समीक्षेत 'बोबडे बोल' या प्रतिमेची बोळवण बहुधा 'विनयोक्ती' या एका शब्दात केली जाते. ग्रंथकार स्वतःला लेकरू म्हणवितो, श्रोत्यांना मायबाप म्हणतो आणि आपले न्यून पोटात घालण्याची विनंती करतो; संस्कृत ग्रंथारंभीच्या विनयाचेच हे देशी रूप, असे म्हणून टीकाकार पुढे सरकतो. ही नोंद चुकीची नाही, पण अपुरी आहे. विनयासाठी इतरही प्रतिमा हाताशी होत्या. 'रघुवंशा'च्या आरंभी कालिदासाने स्वतःला उंच फळासाठी हात उंचावणाऱ्या ठेंगूची उपमा दिली आहे. त्या उपमेत अपुरेपणा सर्वस्वी ठेंगूचा आहे, आणि फळ त्याच्या हाती लागत नाही. बोबड्या बोलाच्या प्रतिमेत मात्र बोल अपुरा असूनही पोचतो. तो पोचतो याचे श्रेय बोलणाऱ्याचे नाही, ऐकणाऱ्याचे आहे.

शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात ज्ञानदेव हा विचार मांडतात, तेव्हा त्यांचा रोख क्षमेपेक्षा निराळा आहे. अपत्य बोबड्या वाणीने बोलले तर मायबापांचा संतोष अधिकच होतो, असे ते म्हणतात. येथे 'अधिकच' हा शब्द निर्णायक आहे. क्षमा उणीव सोसते. संतोष त्या उणिवेमुळेच वाढतो. तेव्हा अर्थ कसा सिद्ध होतो यासंबंधीची एक भूमिका या प्रतिमेत आहे, असे म्हणावयास जागा आहे. ती भूमिका कोणती, आणि मूल प्रत्यक्षात बोलू कसे लागते याविषयीच्या आजच्या ज्ञानापुढे ती कितपत टिकते, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

१

भारतीय साहित्यशास्त्रात मूल एका महत्त्वाच्या जागी येते, आणि तेथे ते मुके आहे. शब्दाचा अर्थ प्रथम कळतो कसा, म्हणजेच संकेतग्रह कसा होतो, या प्रश्नाचे मीमांसकांनी दिलेले उत्तर मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त आणि पुढे विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त आढळते. एक वडीलधारा दुसऱ्याला 'गाय आण' असे सांगतो. तो दुसरा गाय घेऊन येतो. जवळ असलेले मूल हे पाहते आणि त्या अखंड वाक्याचा त्या अखंड कृतीशी संबंध जोडते. पुढे 'गाय बांध', 'घोडा आण' अशी वाक्ये त्याच्या कानी पडतात. एक शब्द जातो, दुसरा येतो. त्याबरोबर कृतीतही काही बदलते, काही तसेच राहते. या आवाप-उद्वापातून त्याला सुट्या शब्दांचे अर्थ उमगतात.

या दृष्टान्तावर अन्विताभिधानवाद्यांनी मोठी इमारत उभी केली. मूल आधी वाक्य शिकते, म्हणून पदांचा अर्थ परस्परांशी अन्वित असाच कळतो, असे प्राभाकरांचे म्हणणे. भाट्टांना ते अमान्य. पदे आपापले अर्थ सांगतात आणि अन्वय मागाहून होतो, असे ते म्हणतात. हा वाद येथे सोडवावयाचा नाही. लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी, की 'गाय आण' ही आज्ञा मुलाला उद्देशून नाही. ते दोघा मोठ्यांमधला व्यवहार बाजूला राहून ऐकते, पाहते, अनुमान करते, बोलत नाही.

हा दृष्टान्त निव्वळ कल्पित ठरत नाही. सॅफ्रन, ॲस्लिन आणि न्यूपोर्ट यांच्या १९९६ मधील प्रयोगात आठ महिन्यांच्या बालकांना अर्थहीन अक्षरांची विरामरहित माळ दोन मिनिटे ऐकविण्यात आली. कोणते अक्षर कोणत्या अक्षरामागून नेमाने येते, एवढ्या आधारावर त्यांनी त्या माळेतले 'शब्द' वेगळे ओळखले. कृतीचा आधार नसतानाही आवाप-उद्वापासारखे काही चालू असते, असा याचा अर्थ. पुढे २००१ मध्ये अख्तर आणि सहकाऱ्यांनी दाखविले, की दोन वर्षांची मुले दुसऱ्यांच्या संभाषणातूनही नवे शब्द उचलतात. मीमांसकांचे ऐकते मूल खरे आहे. पण ते अर्धेच मूल आहे.

२

भर्तृहरीचे मूल याहून वेगळे आहे. 'वाक्यपदीया'च्या पहिल्या कांडात तो विचारतो, की मुलाच्या वागिंद्रियांची पहिली हालचाल, प्राणवायूचे वर उचलले जाणे, स्थानांवर होणारा आघात, हे सारे त्याला कोण शिकविते? त्याचे उत्तर असे, की शब्दभावना मुलाच्या ठायी आधीचीच आहे. हा संस्कार तो पूर्वजन्मीचा मानतो. ते बाजूस ठेवले, तरी मूल कोऱ्या पाटीने येत नाही, हे त्याचे निरीक्षण मागे राहते.

या बाबतीत वर्कर आणि टीस यांचा १९८४ मधील अभ्यास आपल्याला विशेष जवळचा आहे, कारण त्यात हिंदीतील मूर्धन्य आणि दन्त्य 'ट-त' हा भेद वापरला होता. इंग्रजी भाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बालकांना तो भेद ऐकू येतो. दहा-बारा महिन्यांच्या सुमारास त्यांची ही क्षमता ओसरते. ज्या घरात तो भेद अर्थपूर्ण आहे तेथे ती टिकते. म्हणजे पहिला शब्द उच्चारण्याच्या सुमारास मूल काही कमावीत असते तसे काही गमावीतही असते. आपल्या भाषेत प्रवेश करणे म्हणजे इतर भाषांचे दरवाजे लोटून घेणे होय.

३

या गमावण्यावर विसाव्या शतकातील साहित्यविचाराने बरेच काही उभारले. रोमान याकोबसन यांनी १९४१ च्या ग्रंथात बालकाची बडबड आणि त्याची भाषा यांमध्ये खंड कल्पिला: बडबडीत सर्व तऱ्हेचे ध्वनी असतात, मग ते लोपतात, आणि भाषेचे ध्वनी एका ठरावीक क्रमाने नव्याने येतात. जुलिया क्रिस्तेवा यांनी १९७४ मध्ये काव्यभाषेची जी मीमांसा केली तीत भाषापूर्व लय आणि स्वर ही एक दडपलेली शक्ती ठरते, आणि आधुनिक कवितेत ती व्याकरण फोडून वर येते. आपल्याकडेही नवकवितेच्या ध्वनिरूपाची चर्चा करताना या मांडणीची छाया पडलेली दिसते.

परंतु हा खंड पुढील निरीक्षणांत टिकला नाही. बालकाच्या बडबडीत जे ध्वनी आणि जे अक्षरबंध वारंवार येतात, तेच त्याच्या पहिल्या शब्दांत येतात, हे १९७० नंतरच्या अभ्यासांत पुनःपुन्हा दिसले. बडबडीतूनच शब्द घडतो. तेव्हा बालकाच्या आदिम ध्वनींना व्याकरणाचे शत्रू मानणारी समीक्षा ज्या मुलाचा दाखला देते, ते मूल तिची साक्ष देत नाही.

याहून अवघड साक्ष रूथ वीर यांच्या १९६२ च्या पुस्तकात आहे. त्यांनी आपल्या अडीच वर्षांच्या आसपासच्या मुलाचे निजण्यापूर्वीचे एकट्याचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. खोलीत कोणी नसताना तो एक वाक्याचा साचा घेतो, त्यात एकच शब्द बदलत जातो, सारख्या ध्वनींचे शब्द जोडतो, स्वतःलाच दुरुस्त करतो. मीमांसकांच्या दृष्टान्तात जे आवाप-उद्वाप मूल दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत होते, ते येथे त्याच्या स्वतःच्या तोंडून, कोणतीही गाय आणावयाची नसताना चालू आहे. या पुस्तकाची प्रस्तावना याकोबसन यांची आहे, हेही साजेसे आहे. समानांच्या निवडीचे तत्त्व शब्दांच्या जोडणीवर लादणे हे काव्यकार्याचे लक्षण त्यांनीच १९६० मध्ये सांगितले होते. पाळण्यातल्या या पोराचा उद्योग त्या लक्षणात बसतो.

श्रोता नसतानाही जर मूल भाषेशी असे खेळते, तर 'बोल ऐकणाऱ्यामुळे सिद्ध होतो' या संतांच्या गृहीताचे काय होते, हा आक्षेप गंभीर आहे.

४

आक्षेपाचे उत्तर देण्यासाठी थोडे मागे जावे लागते. एम. ए. के. हॅलिडे यांनी १९७५ मध्ये आपल्या मुलाच्या नवव्या महिन्यापासूनच्या बोलण्याचा अभ्यास मांडला. त्या वयातले त्याचे ध्वनी कोणत्याही प्रौढ भाषेतले नव्हते. तरीही ते नेमके होते: एक मागण्याचा, एक हाक मारण्याचा, एक नुसत्या समाधानाचा. या ध्वनींना संकेत कोणी ठरवून दिला नव्हता. मूल तो ध्वनी काढी, घरातले त्याला उत्तर देत, आणि त्या देवघेवीतून तो ध्वनी अर्थाचा होई. संकेतग्रहाच्या आधी संकेताची ही घडण होते, आणि तिला दोघे लागतात. एकट्याने खेळणारे वीर यांचे मूल यानंतर दीड वर्षाने येते. त्याच्या एकान्तातील खेळात प्रश्न आहेत, उत्तरे आहेत, आज्ञा आहेत. म्हणजे श्रोता त्याने आत घेतला आहे.

'बोबडे बोल' या प्रतिमेचे बळ येथे कळते. त्यात मूल बोलते, आणि माउली ते पुरे करते. 'र'च्या जागी 'ल' आला, जोडाक्षर मोडले, तरी तिला काय म्हणावयाचे आहे ते कळते. कालिदासाच्या 'शाकुन्तला'तील सातव्या अंकात दुष्यन्त ज्या बालवाणीचा उल्लेख करतो ती अस्फुट वर्णांमुळे रमणीय आहे. ती दुरून पाहिलेली शोभा आहे. ज्ञानदेवांच्या माउलीला केवळ रमणीयता पुरत नाही. ती आशय घेते आणि त्यावर रिझते.

शिवाय हा व्यवहार एकेरी नाही. मूल वर येते तशी आई खाली उतरते. अशोक केळकर यांनी १९६४ मध्ये मराठी बाळबोलीवर स्वतंत्र लेख लिहिला, आणि त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील बाळबोलींची तुलना केली तीत मराठी होती. 'मंमं', 'भूर', 'हम्मा', 'जोजो' हे शब्द मुलाने घडविलेले नाहीत. मोठ्यांनी मुलासाठी राखून ठेवलेला तो कोश आहे, त्यालाही व्याकरण आहे. लेकरासाठी पंतोजी हाती पाटी धरतो, हा तुकोबांचा दृष्टान्त याच उतरण्याचा आहे. गीता मराठीत आणणाऱ्या ग्रंथात एकाच वेळी ग्रंथकार लेकरू आणि गीतार्थ सांगणारी माउली, अशा दोन्ही भूमिकांत दिसतो, याची संगती 'विनय' या एका शब्दाने लागत नाही.

मात्र या माउलीला विश्वजननी समजण्याची चूक करू नये. सामोआ बेटांवर एलिनॉर ऑक्स यांनी केलेल्या अभ्यासात मोठी माणसे मुलाच्या अस्पष्ट बोलण्याचा अर्थ लावीत बसत नाहीत. नीट बोलण्याचा भार मुलावर असतो. पापुआ न्यू गिनीतील कालुली लोकांत बँबी शिफेलिन यांना असे आढळले, की मुलाने त्यांच्या भाषेतले 'आई' आणि 'स्तन' हे दोन शब्द उच्चारले म्हणजेच ते बोलू लागले असे मानतात, आणि त्यानंतर 'असे म्हण' म्हणून त्याच्याकडून पक्के बोलणे वदवून घेतात. बोबडे बोलणे तेथे कौतुकाचा विषय नाही. तरीही ती मुले उत्तम भाषक होतात. म्हणजे मुलाचे अपुरे वाक्य पुरे करून घेणे ही निसर्गाची अट नसून ती ऐकण्याची एक रीत आहे. संतांनी ती आपल्या घरातून उचलली आणि तिला साहित्यव्यवहाराचे रूप दिले.

५

एवढ्यावरून समीक्षेपुरते काय हाती येते? बोलू लागणाऱ्या मुलात तीन गोष्टी आहेत: ऐकून संकेत उचलणे, भाषेशी खेळणे, आणि प्रतिसादातून अर्थ घडणे. साहित्यशास्त्राने पहिली घेतली, रूपवादाने दुसरी घेतली. तिसरी मराठी परंपरेत सातशे वर्षे उघड्यावर पडून आहे, आणि ती आपण नम्रतेच्या खात्यावर टाकली आहे.

तिच्यात एक धोकाही आहे. मुलाच्या तोंडचे अर्धे वाक्य घाईने पुरे करणारी आई त्याचे म्हणणे हिरावूनही घेऊ शकते. नवशिक्या लेखकाच्या, आजवर न लिहिलेल्या समाजाच्या किंवा बोलीतल्या लेखनाच्या बाबतीत समीक्षक हेच करतो: मजकूर अडखळला की आपल्या ओळखीचा अर्थ त्यात भरतो आणि कौतुक करतो. 'बोबडे' हे विशेषण दुसऱ्याने लावले की ते अधिकारपद होते. ज्ञानदेवांनी ते स्वतःला लावून घेतले होते. मराठीत 'बोबडी वळते' ती भीतीने, आणि वळते प्रौढाची. परीक्षेच्या धाकाने ज्याची बोबडी वळली त्याचे बोलणे आणि विश्वासाने बोबडे बोलणारे लेकरू, यांत भेद करण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर येते.

म्हणून सामोआची रीत आणि ज्ञानदेवांची माउली यांतून एकीची निवड समीक्षकाला करता येत नाही. कधी त्याने 'पुन्हा सांग' म्हणून थांबले पाहिजे, कधी अर्ध्या शब्दावरून पुढे गेले पाहिजे. केव्हा काय करावे हे ठरविण्यास नियम नाही. पण आपण ऐकताना या दोहोंतले काय करीत आहोत, एवढे त्याला माहीत असले पाहिजे. बोबड्या बोलाची प्रतिमा आजवर बोलणाऱ्याचे वर्णन म्हणून वाचली गेली. ती ऐकणाऱ्याचे वर्णन म्हणून वाचली, तर ग्रंथारंभीच्या त्या ओव्या वाचकाचे कर्तव्य सांगू लागतात.