‘ओळख असणे’ आणि ‘ओळखले जाणे’ : संगणकशास्त्रातील ‘वस्तू’ या संकल्पनेची चिकित्सा

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ‘ऑब्जेक्ट’ हा शब्द निदान दोनदा भेटतो. पहिल्यांदा तो आज्ञावली-लेखन व डेटाबेस या विषयांत येतो आणि नंतर प्रतिमेतील वस्तू ओळखण्याच्या, म्हणजे यंत्र-अध्ययनाच्या विषयात. दोन्ही ठिकाणी आपण मराठीत ‘वस्तू’ असेच म्हणतो. प्रस्तुत लेखाचा रोख असा की, या दोन ‘वस्तू’ एक नाहीत. पहिलीला ओळख असते, दुसरी केवळ ओळखली जाते. मराठीत ‘ओळख’ हा एकच शब्द दोन्हींसाठी चालतो, त्यामुळे हा भेद आपल्याकडे अधिकच झाकला जातो. (‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड’चे ‘वस्तुनिष्ठ’ असे भाषांतर करून आपण घोळात भर घातली आहे, हे जाता जाता नोंदवावयास हवे. त्या आज्ञावलीत निःपक्षपातीपणाचा काही संबंध नसतो.)

पहिल्या वस्तूचा जन्म ऑस्लोचा. नॉर्वेच्या संगणन केंद्रात ओले-योहान डाल व क्रिस्टेन न्यूगॉर्ड यांनी ‘सिम्युला ६७’ ही भाषा सिद्ध केली. तिचा मूळ हेतू प्रत्यक्ष व्यवहाराचे प्रतिरूप यंत्रात उभे करणे हा होता. खिडकीपुढे रांग आहे असे मानले, तर त्या रांगेतील प्रत्येक ग्राहक हा यंत्रातही स्वतंत्र असावयास हवा. दोन ग्राहकांचे काम आणि वेळ एकच असली, तरी ते दोन असतात. पुढे अ‍ॅलन के व त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘स्मॉलटॉक’मध्ये वस्तूंच्या परस्पर-संवादावर भर आला. परंतु ‘ही वस्तू म्हणजे ती वस्तू नव्हे’ हे भान दोन्हींत समान आहे.

डेटाबेसच्या क्षेत्रात हे भान उशिरा आणि वाद घालीत आले. एडगर कॉड यांच्या १९७० मधील संबंधात्मक प्रतिमानात एखाद्या नोंदीचे वेगळेपण तिच्यातील मूल्यांवरून, म्हणजे ‘की’वरून ठरते. महाविद्यालयात एकाच नावाचे, एकाच जन्मतारखेचे दोन विद्यार्थी आले की आपण त्यांना क्रमांक देतो, तो याचसाठी. १९८६ मध्ये सेत्राग खोशाफियान व जॉर्ज कोपलंड यांनी या व्यवस्थेतील उणीव नेमकी दाखविली. मूल्य बदलले तरी वस्तू तीच राहते आणि मूल्ये सारखी असली तरी वस्तू दोन असू शकतात, म्हणून ओळख ही मूल्यांपासून आणि साठवणीच्या जागेपासूनही स्वतंत्र असली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९८९ मध्ये सहा संशोधकांनी वस्तुकेंद्री डेटाबेसचा जो जाहीरनामा क्योटो येथील परिषदेत मांडला, त्यातील तेरा अनिवार्य लक्षणांत वस्तूच्या ओळखीला स्थान मिळाले. पुढच्याच वर्षी मायकेल स्टोनब्रेकर आदींनी प्रति-जाहीरनामा काढला. १९९५ मध्ये ह्यू डार्वेन व ख्रिस डेट यांचा तिसरा आला. जाहीरनामे एवढ्या हिरिरीने निघावेत, असा हा विषय दुरून वाटत नाही.

बाजारात वस्तुकेंद्री डेटाबेस हरले. मानके ठरविणारा ओडीएमजी हा गट २००१ मध्ये विसर्जित झाला आणि संबंधात्मक प्रणालींनी एसक्यूएल १९९९ च्या मानकातून वस्तूंच्या काही कल्पना आत्मसात करून घेतल्या. या पराभवाची चर्चा बहुधा वेग आणि किंमत यांच्या अंगाने होते, आणि ती अयोग्य नाही. मात्र त्या वादातून निघालेले वैचारिक धन त्यामुळे दुर्लक्षिले गेले. ‘समान असणे’ आणि ‘तेच असणे’ यांतील फरक इतक्या काटेकोरपणे संगणकशास्त्रात फार थोड्यांनी मांडला आहे.

प्रतिमा ओळखण्याच्या संशोधनात या फरकाला जागाच नव्हती. लॉरेन्स रॉबर्ट्स यांच्या १९६३ च्या एमआयटीतील प्रबंधात छायाचित्रातील रेषांवरून घनाकृतींची त्रिमिती रचना काढली होती. तेथे वस्तू म्हणजे भूमिती. आजची वस्तू अशी भूमितीतून सिद्ध होत नाही. तिचे नाव, तिच्याभोवतीची चौकट आणि विश्वासाचा एक आकडा मिळून ती होते. २००५ ते २०१२ या काळात चाललेल्या ‘पास्कल व्हीओसी’ स्पर्धेने हे रूप रूढ केले. यंत्राने आखलेली चौकट आणि माणसाने आखलेली चौकट यांचे छेदक्षेत्र त्यांच्या एकत्रित क्षेत्राच्या निम्म्याहून अधिक असले आणि नाव जुळले, की वस्तू सापडली. तिच्या यादीत २००७ पासून वीस नावे होती. त्यांत गाय, मेंढी, बाटली, सोफा यांच्याच पंक्तीला ‘माणूस’ही होता.

२००९ मध्ये फेई-फेई ली व सहकाऱ्यांचा ‘इमेजनेट’ आला, तो जॉर्ज मिलर यांच्या प्रिन्स्टनमधील ‘वर्डनेट’ या इंग्रजी शब्दजालावर उभा होता. म्हणजे आधी शब्द, मग त्या शब्दाची चित्रे. आपल्या परंपरेत ‘पदार्थ’ या शब्दाची फोड ‘पदाचा अर्थ’ अशी होते. इमेजनेटमधील वस्तू अक्षरशः तशी आहे. वैशेषिकांनी मात्र पदार्थांत ‘सामान्य’ आणि ‘विशेष’ दोन्ही सांगितले. त्यांचा ‘विशेष’ नित्य द्रव्यांपुरता आहे, घटपटांना तो लागू नाही, हे मान्य करूनही असे म्हणता येईल की, नव्या पद्धतीने केवळ ‘सामान्य’ ठेवले. ‘ही खुर्ची आहे’ असे ती सांगते. ‘कालचीच खुर्ची आहे’ असे सांगणे हे तिचे कामच नव्हे.

या पद्धतीचे यश नाकारण्याचा येथे हेतू नाही. २०१२ च्या इमेजनेट स्पर्धेत विजेत्या चेताजालाची चूक १५.३ टक्के, तर दुसऱ्या क्रमांकाची २६.२ टक्के होती. एवढी झेप विज्ञानात रोज दिसत नाही. प्रश्न असा आहे की, नावांची यादी कोणाची? त्या स्पर्धेच्या हजार वर्गांत सुमारे १२० वर्ग कुत्र्यांच्या जातींचे होते. २०१७ मधील एका अभ्यासानुसार इमेजनेटमधील ज्या चित्रांचे मूळ ठिकाण कळू शकले, त्यांपैकी सुमारे ४५ टक्के अमेरिकेतील आणि २.१ टक्के भारतातील होती. २०१९ मध्ये टेरन्स डेव्हरीस आदींनी जगभरच्या घरांतील छायाचित्रे व्यावसायिक प्रणालींना दाखविली. गरीब घरांतील वस्तू ओळखताना चुका अधिक झाल्या. नेपाळमधील एका घरातील साबण त्यांना खाद्यपदार्थ वाटला.

यावर ‘आपली चित्रे घाला’ असा उपाय सुचविला जातो. तो अपुरा आहे, कारण यादी तीच राहते. हैदराबादच्या आयआयआयटीच्या पुढाकाराने झालेला भारतीय रस्त्यांचा चित्रसंच मला अधिक विचारपूर्वक केलेला वाटतो. त्यात ऑटोरिक्षा हा स्वतंत्र वर्ग आहेच, पण कोणत्याच नावात न बसणाऱ्या वाहनांसाठी एक राखीव वर्गही आहे. आपल्या रस्त्यावर नावाआधी वस्तू येते, हे त्या संचाने मान्य केले. मुंबईच्या आयआयटीत घडलेले मराठी शब्दजाल आज उपलब्ध आहे. त्यावरून वस्तूंची यादी करावयास घेतली, तर खलबत्ता, सूप, रोवळी यांच्यापाशी काय होते हे पाहणे उद्बोधक ठरेल. २०२३ मधील ‘सेगमेंट एनीथिंग’ या प्रणालीने नाव न घेताच आकार वेगळे काढून दाखविले. परंतु त्या आकारांनाही ओळख नाही.

खरी अडचण माणसापाशी येते. इमेजनेटच्या चमूने स्वतःच आपले माणसांचे २,८३२ वर्ग तपासले, तेव्हा १,५९३ वर्ग अपमानकारक वा अन्यथा असुरक्षित ठरले. हा ‘सामान्या’चा दोष झाला. चेहरा ओळखण्यात तर थेट ‘विशेष’ मागितला जातो. हा तोच माणूस आहे काय? आणि यंत्राचे उत्तर मात्र अंशात्मक असते. २०२२ मध्ये माहिती अधिकारातील एका अर्जाला उत्तर देताना दिल्ली पोलिसांनी कळविले की, ८० टक्क्यांहून अधिक साम्य असल्यास जुळणी सकारात्मक मानली जाते, त्याखाली अधिक पुरावा लागतो. ८० हा आकडा साम्याचा आहे. नोंद मात्र तादात्म्याची होते. ‘समान असणे’ आणि ‘तेच असणे’ यांतील जी भिंत १९८६ मध्ये बांधली गेली, ती येथे एका प्रशासकीय उंबरठ्याने पाडली, आणि नोंद झाल्यावर पुढच्या वाचकाला भिंत होती हेही कळत नाही.

याचे उत्तर डेटाबेसच्याच संशोधनात आहे, हे मला विशेष वाटते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘ट्रायो’ प्रकल्पाने २००० नंतरच्या दशकात प्रत्येक नोंदीबरोबर तिची अनिश्चितता आणि तिची वंशावळ, म्हणजे ती कशावरून निघाली याचा माग, साठविण्याची रीत मांडली. वॉशिंग्टन विद्यापीठात ‘मिस्टिक’ या नावाने संभाव्यतेच्या डेटाबेसवर काम झाले. रोजच्या वापरातील प्रणालींत हा विचार फारसा उतरला नाही. चेहऱ्याच्या जुळणीची नोंद करणाऱ्या तक्त्यात साम्याचा आकडा, प्रणालीची आवृत्ती, वापरलेले छायाचित्र आणि उंबरठा एवढे चार स्तंभ अनिवार्य केले, तर संशयित म्हणून नोंदला गेलेल्या माणसाच्या वकिलाला न्यायालयात निदान विचारता येईल की, हे कशावरून.