खर्रा खाता का, हे विचारलं कुणी?

आरोग्य कर्मचाऱ्यांच्या 'ज्ञान आणि दृष्टिकोन' सर्वेक्षणावरचा शोधनिबंध तुम्ही वाचला असेल, तर हा प्रश्न ओळखीचा वाटेल: 'गरोदरपणात तंबाखू घातक आहे का? हो / नाही.' नर्सताई 'हो'वर टिक करतात, आशाताईसुद्धा. निष्कर्ष येतो, ज्ञान उत्तम!

माझा आक्षेप इथेच आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा होतो. गुडाखू तर दात घासायला वापरतात. 'तंबाखू खाता का?' विचारलं तर गुडाखू लावणारी बाई 'नाही' म्हणेल, आणि ती खोटं बोलत नसेल. दारूचं आणखी अवघड. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. मोहाची घेतली हे सरकारी माणसापुढे कोण कबूल करेल?

जागतिक आरोग्य संघटनेने तंबाखूबाबत २०१३ साली आणि दारूबाबत २०१४ साली सांगितलं: प्रत्येक गरोदर बाईला, प्रत्येक तपासणीत विचारा. मग प्रश्नावलीने हेच मोजायला हवं ना?

म्हणून मी माझ्या प्रश्नावलीत तीन प्रश्न घातलेत. मागच्या दहा गरोदर बायांपैकी कितींना विचारलंत? नेमक्या कोणत्या शब्दांत? आणि, तुम्ही स्वतः खर्रा खाता का?

तिसऱ्या प्रश्नाला लोक हसतात. पण दृष्टिकोन तिथेच कळतो. कारण रागावून विचारलं, तर बाई खर्रा सोडत नाही, तपासणीला येणं सोडते. कमी वजनाचं बाळ मग आपल्याला थेट बाळंतपणातच दिसतं.