उपग्रहाचा डोळा आणि यथाभूत दर्शन

भारतातील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह २००० साली प्रसिद्ध झाला. पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. उपग्रहचित्रांच्या आधारे सिद्ध झालेल्या या कार्याचे मोल मोठे आहे. तथापि ‘पडीक’ हे भूमीचे वर्णन आहे की निवाडा, हा प्रश्न भूमिहीनांच्या बाजूने विचारणे अगत्याचे आहे.

आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्गा’त संज्ञा, विज्ञान आणि प्रज्ञा यांतील भेद नाण्यांच्या उपमेने विशद केला आहे. बालकास नाण्याचा आकार तेवढा दिसतो. खेडूत त्याचे मोल जाणतो. खरे-खोटे मात्र सराफच ओळखतो. उपग्रह भूमीवरून परावर्तित झालेला प्रकाश टिपतो. ही संज्ञा होय. तिला ‘पडीक’ हे नाव मनुष्य देतो.

संगमनेर तालुक्याचे उन्हाळ्यातील चित्र घ्या. प्रचलित रंगसंकेतानुसार वनस्पती तांबडी दिसते. प्रवराकाठची बागायत तांबडी उमटते. पठारावरील कोरडवाहू रान मात्र, खरिपात तेथे बाजरी पिकलेली असली तरी, उजाड माळासारखेच भासते. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक एकराचा चौरस तुकडा जेमतेम सव्वा मिलिमीटर भरतो. तालुक्यातील दरेवाडीत १९९६ पासून पाणलोटाचे काम झाले. वाढलेली हिरवळ चित्रात दिसेल. चराईबंदीचा भार कोणी वाहिला, हे दिसणार नाही. स्थळपडताळणी या शास्त्रात आहेच. परंतु ती माती व पिकाची असते, कसणाऱ्याच्या हक्काची नव्हे.

पडीक सरकारी जमीन भूमिहीनांस मिळावी म्हणून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली सत्याग्रह झाले. १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानांवरील अतिक्रमणे नियमित करण्याची वाट खुली केली. आपला आयआरएस-१ए उपग्रह १९८८ सालचा आहे. त्या मुदतीपूर्वीच्या खरिपातील चित्रात कसलेले रान उमटले असेल, तर तेच चित्र कसणाऱ्याचा साक्षीदार ठरेल. न उमटल्यास मात्र ते त्याच्याविरुद्धचा पुरावा मानता येणार नाही. कारण त्या उपग्रहाच्या अधिक सूक्ष्म संवेदकाचाही एक चित्रबिंदू सुमारे तेरा गुंठ्यांचा होता.

वनहक्कांच्या २०१२ च्या सुधारित नियमांत उपग्रहचित्र हा पूरक पुरावा आहे, अन्य पुराव्यांचा पर्याय नव्हे, असे स्पष्ट म्हटले आहे. हेच तत्त्व गायरानांनाही लागू झाले पाहिजे. धम्म ‘एहिपस्सिक’ आहे. ये आणि पाहा, असे तो सांगतो. नकाशा करणाऱ्यानेही बांधावर यावे आणि कसणाऱ्याच्या समक्ष पाहावे.